मुकी पिशवी

वॉटीनं सारं आयुष्य समुद्राच्या पोटातला कोळसा खणला. त्याचा मुलगा रॉरी त्याच समुद्राच्या पाठीवर मासे धरायला गेला आणि शुक्रवारी त्याचं प्रेत स्कॉटलंडातल्या फाइफच्या काठाला लागलं.

दफनाच्या सकाळी वॉटी बँडचा चौकड्यांचा घागरा, किल्ट, नेसूनच बँडच्या खोलीत आला. "मी वाजवणार."

बँडची प्रमुख मोरवेन त्याच्या छातीकडे बघत राहिली. खाणीच्या धुळीनं दोन पायऱ्या चढल्या की ती करकरायची. काखेतल्या पिशवीत हवा फुंकून वाजवायचा बॅगपाइप गावाला शिकवला तो यानंच, तिलाही.

"काका, तुम्ही शवपेटीची उशाकडची दोरी धरा. तो बापाचा मान."

"दोरी धरीन, पेटी खाली सोडीन, मग वाजवीन. हात कुठं गेलेत माझे?"

तो खोकायला बाहेर गेला तसा ढोलवाला डूगी पुटपुटला, "याचा सूर पडला की सगळ्यांचा पडणार. रॉरी पेटीतून उठून शिव्या घालील."

"मग तू सांग त्यांना."

"मी? मला अजून जगायचंय." मग तो हळूच म्हणाला, "स्पर्धेत माणसं कमी पडली की आपण कच्च्या वादकाचा पाइप बंद करून त्याला रांगेत मुका उभा करतो ना? तसं कर."

मोरवेननं वॉटीचा बॅगपाइप उचलला. खांद्यावरच्या तिन्ही नळ्यांना बुचं बसवली. बोटांच्या नळीतली सूर काढणारी पत्ती चिकटपट्टीनं आवळली. लेकराच्या तोंडावर हात दाबावा तसं वाटलं तिला.

दफनभूमीत पेटी खाली गेली. वॉटीनं दोरी सोडली, पाइप काखेत घेतला, फुंकलं. पिशवी दगडासारखी टणक झाली आणि फुंकर त्याच्याच घशाशी परत आली. त्याला कळलं. कळल्याचं मोरवेनला दिसलं. त्यानं डोळे मिटले, पण रांग मोडली नाही. बोटं मुक्या नळीवर चालत राहिली आणि सगळ्यांबरोबर, नेमक्या ठेक्यावर थांबली.

"छान वाजवलंत हो," बायका त्याचा हात दाबून म्हणाल्या आणि जेवणाकडे निघाल्या.

मोरवेन मागे राहिली. वॉटी कबरीच्या कडेला बसून एकेक बूच काढत होता.

"काका…"

"तुझ्या पहिल्या स्पर्धेत मीच तुला मुकी उभी केली होती. बरोबर केलंस पोरी, बँड सांभाळलास." त्यानं नखानं चिकटपट्टी सोडवली. "पण पोराला माझं काहीच ऐकू गेलं नाही."

त्यानं फुंकलं. नळ्या हंबरल्या. एक सूर आला, दुसरा आला, तिसऱ्यावर श्वास तुटला आणि सगळं कण्हत खाली घसरलं. पुन्हा फुंकलं. पुन्हा तिसऱ्यावरच.

मोरवेन त्याच्याशेजारी गुडघ्यांवर बसली. "मी फुंकते. तुम्ही नुसती बोटं ठेवा."

"चांगला श्वास आहे गं तुझा." त्यानं तोंड पुसलं. "पण मुलगा माझा आहे."

कबर बुजवणारे दोघे टोप्या काढून उभे होते. बराच वेळ थांबले. मग थोरल्यानं मान हलवली आणि फावडी चालू झाली. माती पडत होती, आणि वॉटी अजून तिसऱ्या सुरापाशीच होता.