ताईची उजवी बाजू

"आला! आला अंगावर काटा!" दिग्दर्शकाने बाही वर सरकवून सगळ्यांना आपला दंड दाखवला. "पोरं आयांच्या कुशीत तोंड लपवतील, लिहून घ्या!"

टेबलावर मातीचा एक हात पडला होता, माणसाच्या हाताच्या दीडपट. मधली तीन बोटं एकमेकांना चिकटून आत वळलेली, अंगठा आणि करंगळी तेवढी मोकळी, वरची कातडी वितळून थिजलेल्या मेणासारखी. परग्रहावरून येऊन माणसांची वस्ती जाळणाऱ्या प्राण्याचा हा हात.

चित्रकार टेबलापासून दोन पावलं मागे उभा होता. सिनेमा उभा राहण्याआधी तो कागदावर उभा करायचा, हे त्याचं काम. कुणी न पाहिलेल्या ग्रहांवरची घरं, उडती जहाजं, आठ डोळ्यांचे जीव, सगळं त्याच्या पेन्सिलीतून उतरायचं. "हे सुचतं कुठून हो?" असं कुणी विचारलं की तो नुसतं वर बोट दाखवायचा. या वेळी मात्र देवाच्या माथी मारायची सोय नव्हती.

त्याचं झालं असं. प्राण्याचा हात काही केल्या जमत नव्हता. नखं नकोत, पंजे नकोत, खरं वाटलं पाहिजे, म्हणून चित्रं परत येत होती. अशात एका सकाळी ताईने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि हा कपाकडे न बघता तिच्या हाताकडे बघत राहिला. पेन्सिल चालली ती चित्र पुरं होईपर्यंत थांबली नाही. लहानपणी त्याने रांगत जाऊन उकळत्या पातेल्याखालचं फडकं ओढलं होतं म्हणे, आणि परकरातल्या ताईने मध्ये उजवा हात घातला होता; भाजून बोटं चिकटली ती कायमची. पुढे आई गेली, तेव्हा त्याच हाताने ताईने त्याला भरवलं, शाळेत पाठवलं. स्वतःचा संसार मांडायचं तिच्याकडून राहूनच गेलं. आणि त्या हाताचं याने काय केलं, तर भूत केलं!

तेव्हापासून तो तिला सिनेमातले प्राणी घडवणाऱ्या या कारखान्याकडे फिरकू देत नव्हता. "रंगाचा वास असतो गं, तुला सोसायचा नाही." पण आज मातीवरून साचा निघणार होता, आणि साचा निघाला की काही बदलता येणार नव्हतं. त्याच्या पिशवीत वेगळ्याच हाताचं चित्र होतं. दिग्दर्शकापुढे ते ठेवायचं, असं ठरवूनच तो घरून निघाला होता. आता बोलू, मग बोलू करत त्याने खिसे चाचपले. चष्मा घरीच राहिला होता.

"अहो, तुमच्या ताई आल्यात," दारातून साचेवाला म्हणाला.

मागोमाग ताई आलीच. उजवा हात नेहमीसारखा ओढणीखाली, डाव्या हातात चष्मा आणि खांद्याला थैली.

"छोट्या, डोळे घरी ठेवून चित्रं काढतोस होय रे?"

सगळे हसले. पलीकडे प्राण्याचं काम करणारा नट त्याच चित्रावरून तालमीपुरता घाईने केलेला रबरी हात चढवून उभा होता. उंचीमुळे त्याला सगळे शिडी म्हणत. प्राणी एका रिकाम्या घरात शिरून टेबलावरचा कप उचलतो, असा प्रसंग होता आणि कप पुन्हा निसटला होता.

"अरे शिड्या, गाव जाळता येतं आणि कप उचलता येत नाही?" दिग्दर्शक वैतागला.

"बोटांचं गाठोडं बांधलंय इथे. धरू कशाने? दाताने?"

ताईने रबरी हात बघितला. मग टेबलावरचा मातीचा. मग चित्रकाराकडे बघितलं. तो तिने आणलेल्या चष्म्याची काच पुसत होता, पुसतच राहिला.

"असा नाही धरायचा, बाबा," ती शिडीजवळ गेली. "त्या मधल्या तिघांच्या मागे लागू नकोस. ती नुसती टेकायला. कप त्यांना टेकव, समोरून अंगठ्याने दाब आणि करंगळी बुडाखाली घाल. बघ."

तिने ओढणी बाजूला केली आणि कप उचलून दाखवला.

सगळ्यांच्या नजरा तिच्या हातावरून मातीच्या हातावर गेल्या आणि तिथून चित्रकारावर.

"अरे, घाबरलात काय असे? चावत नाही तो," ताई म्हणाली.

"ताई, आम्हाला खरंच कल्पना नव्हती..." दिग्दर्शक चाचरला.

"तुम्हाला कशी असणार?"

शिडीने पुन्हा हात घातला. या वेळी कप उचलला गेला.

चित्रकार तिला सोडायला रस्त्यापर्यंत आला. पिशवीतलं चित्र काढून तिच्यापुढे धरलं. "मी दुसरा काढलाय. आत्ता जाऊन देतो."

तिने नीट बघितलं. "हा कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

"म्हणून असा मेल्यासारखा दिसतोय. पहिलाच चांगला आहे." थोडं चालून तिने विचारलं, "त्या कपाचं पुढे काय करतो रे तो?"

खोटं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. "फोडतो. भिंतीवर."

"असं होय." ती पुढे बघत चालत राहिली. "माझ्या हातून एकही फुटला नाही, छोट्या."

रस्ता ओलांडायचा होता. लहानपणापासून तो तिच्या डाव्या बाजूला असायचा, चांगला हात धरून. आज तो वळसा घालून उजवीकडे आला आणि त्याने हात पुढे केला.

ताईने खांद्यावरची थैली काढून उजव्या हातात घेतली. थैलीचे बंद अंगठ्याने दाबले, करंगळी खाली घातली, आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या बघत ती एकटीच पलीकडे गेली.