शुक्रवारचा वर्ग

शामला दातारच्या शाळेने रसायनशास्त्राचा प्रगत वर्ग रद्द केला, कारण त्यासाठी तिचे एकटीचेच नाव आले होते. कुवेतमधल्या त्या अमेरिकन शाळेत बारावीतच महाविद्यालयाचे काही विषय शिकता येत. परीक्षा चांगली गेली, तर विद्यापीठ त्यांचे क्रेडिट देई, म्हणजे ते विषय तिथे पुन्हा शिकावे लागत नसत. गणित आणि भौतिकशास्त्र तिने घेतलेच होते. रसायनशास्त्रही जमले, तर अमेरिकेतली चार वर्षांची पदवी तीन वर्षांत पुरी होणार होती. तेलशुद्धीकरण कारखान्यातला तिच्या वडिलांचा, गुरुप्रसादांचा, करार तेवढीच वर्षे चालणार होता, आणि फी त्याच पगारातून भरायची होती.

“शुक्रवारी प्रयोगशाळा रिकामी असते,” रसायनशास्त्राचे शिक्षक यूसुफ तिला म्हणाले. “शाळा वर्ग घेत नसेल, तर मी घेईन.”

घरी गुरुप्रसाद अडले. “सुट्टीच्या दिवशी, एकटी मुलगी?”

“मग तुम्ही बसा की सोबत,” शामलाची आई सरोजिनी म्हणाली. ती सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. “नाहीतरी शुक्रवारी पेपर तोंडावर घेऊन घोरताच.”

“बाबा, प्लीज, फक्त बसा हं,” शामलाने बजावले. “प्रश्न विचारू नका.”

ते वर्षभर बसले, आणि प्रश्न विचारलेच. “आमच्या प्लांटमध्ये असं करत नाहीत,” असे ते म्हणत, तेव्हा यूसुफ हसून उत्तर देत, “इंजिनिअर साहेब, तुमच्या प्लांटमध्ये परीक्षक येत नाहीत.” रमजानात कोरड्या घशाने शिकवतानाही यूसुफ त्यांना थर्मासमधला चहा प्यायचा आग्रह करीत. गुरुप्रसाद तो व्हरांड्यात जाऊन, संकोचाने घेत.

जुलैत निकाल लागला. ऑगस्टमध्ये विद्यापीठाने तिन्ही विषयांचे क्रेडिट मान्य केल्याचे कळवले. त्याच संध्याकाळी तिघे हवल्ली भागात यूसुफांच्या घरी गेले. त्यांची पत्नी फातिमा हिने कॉफी पुढे केली. गुरुप्रसादांनी इंग्रजीत चार वाक्ये तयार केली होती. पहिल्याच वाक्याला ते अडखळले.

मग सरोजिनी बोलली. तिचे अरबी सगळे वॉर्डातले: कुठे दुखते, श्वास घ्या. आभाराचे एकच वाक्य तिला येत होते. सलाईन लावून झाली की म्हातारे रुग्ण ते तिला म्हणत.

“तिस्लम ईदेक,” ती म्हणाली. तुमचे हात सुखरूप राहोत.

यूसुफांनी शामलाकडे वळून, वर्गात विचारावे तसे, विचारले, “आता केमिस्ट्री कोणत्या वर्षाची घेणार?”

“दुसऱ्या वर्षाची, सर.”

“छान,” ते म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून पुसला.