उलट्या पावलांची गाडी

मी एक जुनी, बोथट नाकाची लाँड्रीची व्हॅन आहे. मित्रांनो, माझं इंजिन नाकातच आडवं बसवलेलं आहे आणि पुढचीच चाकं मला ओढतात. मागची दोन नुसती मागे मागे येतात, लग्नातल्या फुकट्या पाहुण्यांसारखी. आमच्या गल्लीतल्या बाकी गाड्यांना मागची चाकं ढकलतात. माणसांचंही तसंच. पुढे होऊन ओढणारा एखादा, मागून ढकलणारे शंभर!

मला घडवणारा म्हातारा फिटर म्हणाला होता, "पोट कितीही भरा, नाक हलकं होऊ देऊ नका." विकणाऱ्याने मात्र गिऱ्हाइकाला फक्त माझा रंग समजावून सांगितला.

ते गिऱ्हाईक म्हणजे लाँड्रीवाल्या मावशी. डाग बघून तो कशाचा आणि कुठून उडाला, हे त्या बिनचूक सांगत. अकरा वर्षं आम्ही दोघींनी टेकडीवरच्या इस्पितळात धुतलेल्या चादरी पोचवल्या. पहिल्या वर्षी सगळे म्हणाले, "काय गाडी आहे!" दुसऱ्या वर्षापासून मला फडका मारायचंही कुणाला सुचेना. कौतुक म्हणजे साबणाचा फेस. फुगतो फार, टिकत नाही.

मग नळासाठी टेकडीचा रस्ता खणला. डांबर गेलं, चिखल राहिला. एका सकाळी, दहाचं ऑपरेशन माझ्या पोटातल्या चादरींसाठी खोळंबलेलं असताना, अर्ध्या चढावर माझी पुढची चाकं जागच्या जागी गरगरू लागली. गठ्ठे डोक्यावरून न्यायचे तर दुपार झाली असती.

शहाण्यांना बोलवावं लागत नाही. मावशींचे दीर सर्वांत आधी आले. जन्मभर ट्रक चालवलेला, त्यामुळे चाक असलेल्या प्रत्येक वस्तूतलं आपल्याला कळतं, ही त्यांची पक्की समजूत.

"वहिनी, मागे वजन टाका. पकड येते!"

शिंपी, न्हावी आणि निवृत्त मास्तर माझ्या मागच्या गठ्ठ्यांवर ऐसपैस बसले. एरवी कुणाचं ओझं उचलायला हे तिघे कधी सापडले नसते. ओझं व्हायला मात्र एका पायावर तयार. माझं नाक आणखी हलकं झालं, चाकं आणखी घसरली. दीर माझ्या पुढच्या दाराशी उभे राहून स्टिअरिंगवरच्या मावशींना ओरडून सांगत होते, "रेटा! अजून रेटा!"

शेवटी तेच दमले. "वहिनी, आज ही चढली नाही, तर उद्या भंगारात. ठरलं!"

मावशी खाली उतरल्या. दिरांच्या शर्टाकडे बघतच राहिल्या.

"भाऊजी, कॉलरपर्यंत चिखल आहे."

"शर्टाचं काय घेऊन बसलात?"

"अहो, तुम्ही पुढच्या चाकाशी उभे होतात. मागच्या चाकाने चिखल उडवला असता, तर तो तुमच्यापर्यंत आलाच नसता. ओढतंय पुढचं चाक, आणि आपण ओझं मागे लादतोय! उतरा रे सगळे!"

मावशींनी मला पायथ्याशी नेलं, वळवलं आणि रिव्हर्स टाकला. आता उतार माझ्या नाकाकडे होता. सगळं ओझं ओढणाऱ्या चाकांवर आलं. मी पाठ पुढे करून, एकदाही न घसरता, चढून गेले. दहाला दहा कमी असताना नर्सने चादरी उतरवून घेतल्या.

"भुतासारखी उलट्या पावलांची आहे," मास्तर पुटपुटले. दीर म्हणाले, "मी तरी काय सांगत होतो? इंजिनाचं वजन मागे गेलं, म्हणूनच चढली!"

"हो भाऊजी," मावशी म्हणाल्या. "शर्ट काढून ठेवा धुवायला."

भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही. मित्रांनो, कुणावर ओझं लादण्याआधी ओढतंय कोण, तेवढं बघा. सल्ला देणार असाल, तर पुढच्या चाकाजवळ उभे राहून द्या. आणि जाता जाता माझे आरसे पुसा. आता वर चढताना मला त्यांतूनच बघावं लागतं.