बिनपंख्याची मोटार

माझ्या डाव्या पायाला दोन बोटं कमी आहेत आणि ती माझ्या नवऱ्याच्या मोटारीने नेली. हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर गावातलं कुणीतरी सांगेलच, वर पदरच्या दोन गोष्टी घालून.

मी कडूबाई. आम्ही भोई. पिंपळदऱ्याच्या तलावात आमच्या मच्छीमार संस्थेचे मासे असतात. बाप्ये नावेवरून जाळं फिरवतात आणि बाया छातीभर पाण्यात अर्धगोल धरून उभ्या राहतात. जाळ्याच्या खालच्या काठाला शिशाच्या मण्यांचा दोर असतो, त्याला आम्ही तळदोर म्हणतो. तो प्रत्येकीने पायाखाली दाबून धरायचा. एकीने जरी पाय उचलला तरी तिथे फट पडते आणि मासे रांगेने निघून जातात. म्हणून सून घरात आली की तिला आधी हे शिकवतात, भाकरी नंतर.

मोठ्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधी आमचे मालक त्रिंबक जाळ्याचं टोक घेऊन मोटारीची नाव हाकत आले. (कागदावर नाव लिहिते. तोंडाने कधी घेत नव्हते.) नाव माझ्या बाजूने निघून गेली, पण तिचं शेपूट वळलं आणि पाण्याखालचा पंखा माझ्या पायावरून गेला. मालकांनी रेस सोडायला थोडा उशीर केला. मी पाय उचलला असता तर वाचला असता, पण मी उचलला नाही. दोघांचीही चूक होती, असं मी बीडच्या दवाखान्यात वीस दिवस पडल्यापडल्या ठरवलं.

घरी आले आणि संस्थेच्या बैठकीत ठराव मांडला: बाया पाण्यात असतील तेव्हा पाण्यात मोटार नको. मालकांनी खाली मान घालून ठरावाच्या बाजूने हात वर केला. त्यानंतर त्या पायाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. शेकायला पाणी तापवून ठेवायचे, पण पायाकडे बघायचे नाहीत. बोटं गेली त्याचा मला एवढा राग नव्हता. या गप्प बसण्याचा लई राग होता.

मग तो दुष्काळ आला. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने तोंड दाखवलं नाही. तलाव आटत आटत दोन डोहांवर आला, पाण्यातली बाभळीची खोडं वर डोकावू लागली. सकाळी मासे तोंड वर काढून हवा गिळायचे. संस्थेचे चेअरमन बबनराव काठावर बसून बघायचे आणि म्हणायचे, "आठ दिस. मंग समदे पोट वर करून तरंगतील."

बांबूने नाव रेटत एवढं मोठं जाळं फिरवायला दुपार व्हायची, तोवर मासे निसटलेले असायचे. जुनी मोटार लावावी तर खोडाला लागून पंखा तुटायचा, आणि वर माझा ठराव होताच. संस्थेचा ठेका त्याच उन्हाळ्यात संपत होता. मासे हातचे गेले तर ठेक्याचे पैसे भरता येणार नाहीत, पुढचा ठेका बाहेरचा माणूस नेणार आणि आम्ही दिवाळीनंतर कोयते घेऊन उसाच्या फडावर जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मालक एरवी विहिरींच्या मोटारी दुरुस्त करायचे. त्या साली विहिरीच कोरड्या, त्यामुळे दारात पंपांचा ढीग पडला होता. एक दिवस बघते तर नावेच्या मोटारीचा पंखा काढून फेकलेला आणि त्या जागी पंपाचं पोट बसवलेलं. खालून पाणी ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं, म्हणजे नाव पुढे जाईल. बाहेर पातं नाही, कापायला काही नाही. मी विचारलं, "हे कशापायी?" ते म्हणाले, "खोडाला लागू नये म्हनून." पायाचं नाव काढलंच नाही. मी भाकरीचं पीठ असं आपटलं की परात वाजली.

पहिल्या दिवशी मोटार चालू केली आणि वीस हात लांब धार उडाली. काठावरच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. आमच्या भागात पंपाची लायकी धारेवरून ठरते. बबनराव म्हणाले, "वा त्रिंबक, तिसऱ्या वावरात पानी टाकतंय बे!"

नाव मात्र जागची हलेना. म्हातारीसारखी इंच इंच सरकत होती.

"वावर भिजवायचंय का नाव हाकायचीय?" मी म्हणाले. मालकांना राग आला. मी त्यांना घमेल्यातल्या पाण्यात एक बोट फिरवून दाखवलं, मग तळहात फिरवून दाखवला. "बोटानं पानी कापतंय. तळहातानं ढकललं जातंय. तुमच्या पंपाला बोट केलंय तुमी." त्यांनी स्वतःचा तळहात घमेल्यात फिरवून बघितला. दुसऱ्या दिवशी मागचं निमुळतं तोंड कापून रुंद केलं. धार आखूड झाली, लोक हिरमुसले, पण नाव धावली.

मग मोटारीची एकेक खोड निघत गेली. आतला फिरता पंखा आणि पंपाची भिंत यांच्यात फट होती, तिथून पाणी मागे गळत होतं. मालकांनी परळीच्या भंगारवाल्याकडून पितळी पाइप आणून त्याचं कडं कापून आत घट्ट बसवलं. खाली विहिरीच्या सवयीने बारीक जाळी लावली होती, ती दोन मिनिटांत शेवाळाने बुजायची. ती काढून लांब सळ्या लावल्या आणि त्या खरवडायला वरून ओढायचा दांडा केला. ते नावेत पालथे पडून हे बघायचे, तेव्हा हँडल मी धरायचे. मूठ पिळली की रेस वाढते आणि मूठ सोडली की कमी होते.

"एक ध्यानात ठिव," ते पालथेच बोलायचे. "पानी फेकलं तरच ही वळती. रेस सोडली की नाव बैलावानी सरळ जाती, हँडल कितीबी फिरव. कुनी आडवं आलं तर सोडायची न्हाई, उलट रेस दे आन् वळव." नाव मागे नेणारी झडप अजून जमली नव्हती. तेवढा वेळच नव्हता.

सहाव्या दिवशी बबनरावांनी सगळ्या बायांना काठावर बोलावलं. एकही पाण्यात उतरेना. माझी मोठी जाऊ भिवराबाई म्हणाली, "कडे, ठराव तुझा. तू उभी ऱ्हायलीस तर आमी ऱ्हाऊ."

मी म्हणाले, "मी पयली उभी ऱ्हाते. टोक जिथं वळतं तिथं."

"तू नगं," मालक म्हणाले.

"कावून?"

ते नावेकडे निघून गेले. त्या क्षणी मला त्यांना दगड मारावासा वाटला.

उन्हं वर यायच्या आत आम्ही पाण्यात होतो. चिखल कोमट होता. डावा पाय मी तळदोरावर ठेवला. दोन बोटं नसली की दोर निसटतो, म्हणून सगळं अंग त्या पायावर टाकावं लागतं. माझ्या डावीकडे भिवराबाई, तिच्या पलीकडे बाकीच्या. लांबून मोटारीचा आवाज डोहाला वळसा घालत येत होता. जाळं बघता बघता अर्धं फिरलं. पायांना मासे धडकायला लागले, एवढे की भिवराबाई हसायला लागली.

शेवटच्या वळणाला नावेने माझ्या उजवीकडून जाऊन काठावरच्या माणसांकडे दोर फेकायचा होता. तिथेच पाण्याखालचं एक खोड नावेच्या पोटाला लागलं. नाव कचकली आणि तिचं तोंड सरळ माझ्याकडे झालं.

मालकांनी मला पाहिलं. आणि त्यांची मूठ उघडली.

मोटारीचा आवाज एकदम बसला. ओल्या जाळ्याच्या भाराने दबलेली नाव, मागून वारा, आणि पुढच्या टोकाला लोखंडी पट्टी, ती माझ्या तोंडाच्या उंचीवर. मालक हँडल पार टोकापर्यंत फिरवत होते. नाव वळत नव्हती. जे मला दहादा शिकवलं होतं ते स्वतः विसरले होते. तीस हात, मग वीस हात. पाय उचलून बाजूला पडावं, एवढंच करायचं होतं. पण पायाखाली गावाचा ठेका होता, आणि खरं सांगते, मला भीती वाटली त्यापेक्षा संताप जास्त आला. याच माणसापायी दुसऱ्यांदा पाय उचलायचा?

"रेस द्या!" मी ओरडले. ऐकू गेलं नाही. तोंड उघडं, डोळे फाटलेले, हात हँडलवर पण मूठ सुटलेली.

"त्रिंबक!" मी बोंबलले. "रेस दे, रेस!"

लग्नाला बावीस वर्षं झाली होती, त्यांचं नाव पहिल्यांदा तोंडातून निघालं. त्यांनी झटका बसल्यासारखी मूठ पिळली. मोटार गरजली, पाण्याचा लोट उसळला आणि नाव माझ्या खांद्याचं कातडं खरवडत उजवीकडे वळली. नाकातोंडात पाणी गेलं. पाय दोरावर होता.

काठावरच्यांनी दोर ओढला. बबनराव नाचायला लागले. जाळ्यात पाणी दिसत नव्हतं, नुसते मासे. पण तलावाच्या भिंतीलगतचा दुसरा डोह बाकी होता आणि ऊन चढत होतं.

मालक नावेतच बसून होते. मी नावेला धरून उभी राहिले.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं," ते म्हणाले. "पान्यात डोकं दिसलं की मूठ आपोआप उघडती. तवापासनं. तुज्या पायाकडं बघवत न्हाई मला."

"ह्ये बोलायला दोन वर्सं लागली?"

"काय बोलू? बोटं परत येनार हैत व्हय?"

मी रडले. पाण्यात होते म्हणून कुणाला कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मला त्याचं काही वाटलं नसतं. बबनराव काठावरून ओरडत होते, "दुसऱ्या डोहाला कोन जानार? वेळ न्हाई!"

"मी जाते," मी सांगितलं. मालकांना म्हणाले, "उतरा खाली. माज्या जागी उभं ऱ्हा."

बायांच्या रांगेत बाप्या उभा राहिलेला आमच्या गावाने कधी पाहिला नव्हता. कुणीतरी हसलं. मालक मात्र उतरले. दुसऱ्या डोहात भिवराबाईने त्यांना सांगितलं, "टाच नगं, चवडा दाबा." त्यांनी चवडा दाबला.

मी जाळं फिरवत नेलं. शेवटच्या वळणाला वाऱ्याने नावेचं तोंड ढकललं आणि समोर पाण्यावर त्यांचं डोकं आलं, अगदी नाकासमोर. माझा तळहात उघडायला लागला. मी सांगितलं नव्हतं, तो आपणहून उघडत होता. दोन वर्षं हा माणूस हे घेऊन झोपत होता हे मला तेव्हा कळलं, आणि माझा राग कुठे गेला ते समजलं नाही.

त्यांनी तोंड फिरवलं नाही, डोळेही मिटले नाहीत. ते सरळ माझ्याकडे बघत होते.

मी दोन्ही हातांनी मूठ पिळली.

नाव त्यांच्या उजवीकडून निघाली. लाटेने ते नाकापर्यंत बुडाले आणि वर आले. काठावर दोर फेकून मी मागे वळून पाहिलं. भिवराबाई त्यांना "सोडा आता, झालं" म्हणत होती. ते हलायला तयार नव्हते. पाय तळदोरावर तसाच दाबून उभे होते.