देखण्या माशांचं रक्त

शेततळ्यात रोज मासे उताणे पडत होते, आणि रक्ताचा रिपोर्ट म्हणत होता, सगळे ठणठणीत. आशा भडकली.

"रक्त तपासलं का पत्रिका जुळवली यांनी?"

तिचे सासरे पुंजा अभिमानाने म्हणाले, "रक्त काढायला नाशिकच्या लॅबच्या मॅडम आल्या, तवा मीच मासे धरून दिले. एकेक निवडून! लय देखणे."

"आबा, आजारी द्यायचे होते!"

"दारी आलेल्या पाहुणीपुढं मरतुकडे मांडू? घराण्याची अब्रू हाय का नाय?"

"अब्रूला कल्ले नाहीत, आबा. मासे मरतायत!"

तिने धापा टाकणारा, डोळे सुजलेला रोहू बादलीत घेतला आणि नाशिकची बस धरायला ती तरातरा निघाली.

पुंजा मागून ओरडले, "अगं, निदान धुऊन तरी ने!"