भोयाने न पाहिलेली चाल

माल्टात आलेल्या माणसानं काय काय बघावं, ते मला झोपेतून उठवून विचारा. राजधानीतलं ते मोठं चर्च, ज्यात फरशीच्या जागी सरदारांची थडगीच अंथरलीत. इम्दिनाच्या तटाआडच्या गपगार गल्ल्या. मार्साश्लोकच्या बंदरातल्या, डोळे रंगवलेल्या होड्या. आणि उन्हाळा असला तर एखाद्या गावची फेस्ता, म्हणजे संताचा उत्सव. गाइडचा बिल्ला गळ्यात अडकवला तेव्हा माझे केस काळे होते, आता ते काळे करावे लागतात, पण सांगायच्या गोष्टी काही बदललेल्या नाहीत. पाहुणेही तेच विचारतात. होड्यांना डोळे कशाला? मी म्हणते, समोरचं दिसावं म्हणून. सगळे खो खो हसतात. यात हसण्यासारखं काय आहे, ते मला आजवर कळलेलं नाही.

माझ्या कंपनीचे पाहुणे ज्या फेस्ताला येतात ती आमच्याच गावची. सान रोक्कूची. चर्चसमोरच्या चौकात खुर्च्या मांडतात, संताची लाकडी मूर्ती भोयांच्या खांद्यावरून समोरून जाते, मागून बँड वाजत येतो, फोटो निघतात आणि मंडळी बसमध्ये बसून हॉटेलात जेवायला जातात. त्या मूर्तीच्या पुढच्या डाव्या दांड्याला माझे बाबा असायचे. विस्तिन त्यांचं नाव. माझ्या जन्माआधीपासून तो दांडा त्यांचा. ताप असो, पाठ धरलेली असो, त्यांनी तो कुणाला दिला नाही. मग दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला आणि दांडा शेजारच्या झारेनकडे गेला. गेल्या फेस्ताला बाबा इस्पितळात होते. यंदा घरी होते, पण वरच्या मजल्यावर. आमचा गोल दगडी जिना असा आहे की धडधाकट माणूससुद्धा देवाचं नाव घेत उतरतो.

जूनमधली गोष्ट. मी त्यांच्यासाठी पेल्यात चहा घेऊन वर गेले, तर हे सज्जात बसून खाली बघत होते.

"जित्ता, तो चालतो म्हणतात."

"कोण चालतो?"

"सान रोक्कू. भोई एका ठेक्यात डुलायला लागले की मूर्ती चालतेय असं वाटतं म्हणे. तुझी आई म्हणायची. अख्खं गाव म्हणतं."

"चालतोच मुळी. तुम्हाला माहीत नाही?"

"मला कसं माहीत असणार गं? मी खाली असायचो. मला दिसायच्या त्या पुढच्या पाद्र्याच्या टाचा."

मी हसले. ते हसले नाहीत, म्हणून मीही थांबले.

"चर्चमध्ये तो उभा असतो," ते म्हणाले. "उभा मी हजार वेळा पाहिलाय. चालताना एकदाही नाही. यंदा या सज्जातून बघणार. बाकी मला आता काही बघायचं राहिलेलं नाही."

आपला बाप काही मागत नाही, आणि मागतो तेव्हा असं मागतो! मला एकदम भरून आलं. चहा निवतोय म्हणून मी त्यांच्यावर ओरडले आणि खाली आले.

त्यानंतर महिन्याभरात उत्सव समितीनं मिरवणुकीची वाट आखडली. आमची गल्ली वगळली. समितीचा प्रमुख तार्चिस. त्याचं औषधांचं दुकान आहे. मी तडक दुकानात गेले. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती आणि तो खोकल्याच्या बाटल्या लावत होता.

"आमच्या गल्लीनं काय घोडं मारलंय तुझं?"

"अगं, बस तरी आधी. हे सगळं तुझ्याच पाहुण्यांसाठी केलंय. त्यांच्या बस जेवणाला परततात. मूर्ती गल्लीबोळांतून फिरत बसली की चौकात पोचेपर्यंत खुर्च्या रिकाम्या! गेल्या वर्षी बँड कबुतरांसाठी वाजला."

"मग पाहुण्यांना आमच्या गल्लीत बसव."

"तुमच्या गल्लीत? तिथं गाढव शिरलं तर त्याला वळायला जागा नाही, जित्ता."

"बाबा वाट बघतायत रे," मी म्हटलं. मला असं कुणापुढे मऊ बोलायची सवय नाही. "एकदाच. त्यांनी तो चालताना कधी पाहिला नाही."

तार्चिसनं बाटली खाली ठेवली. माणूस वाईट नाही तो. "विस्तिनकाकांना खुर्चीत बसवून चौकात आणू. चार पोरं देतो. सगळ्यांच्या पुढे बसतील. पण वाट आता ठरली. एका घरासाठी वळवली तर उद्या प्रत्येक घराला म्हातारा निघेल."

खुर्चीचं मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आयुष्यभर मी उचललं. मला एकदाच उचलायचं, तेही पेटीचं झाकण लावल्यावर." झारेननं मोबाइलवर जुनी मिरवणूक आणून दाखवली, तर म्हणाले, "हा संत आहे की टपालाचं तिकीट?" झारेननं बिचाऱ्यानं मोबाइल खिशात घातला. मग बाबाच त्याला म्हणाले, "मूर्ती गावाची आहे, पोरा. माझी नाही. जिथून जायची तिथून जाऊ दे." दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सज्जातली खुर्ची आत घ्यायला लावली. त्या खुर्चीपायी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. स्पष्टच सांगते.

फेस्ताच्या दिवशी माझ्याबरोबर नॉर्वेची मंडळी होती, बहुतेक सगळी निवृत्त. सकाळपासून त्यांना मी इम्दिना दाखवली, होड्या दाखवल्या, होड्यांच्या डोळ्यांवर हसूही दिलं. संध्याकाळी चौकात आणून पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. चर्चवर दिवे लागलेले, घराघरांवरून लाल पडदे सोडलेले, भुईनळ्यांचा वास. सगळं दरवर्षीसारखं. आणि मला काही तिथं बसवेना. फेस्ताच्या संध्याकाळी माझा बाप एकटा भिंतीकडे तोंड करून बसलाय आणि मी परक्या माणसांना नीट दिसतंय ना म्हणून विचारतेय!

"उठा," मी म्हटलं.

"मिरवणूक?" तूरिड नावाच्या बाई होत्या, पूर्वी शाळेत शिकवायच्या. त्यांनी नुकताच कॅमेरा बाहेर काढला होता.

"ती इथं येईपर्यंत परत येऊ. तोवर तुम्हाला कुणीच दाखवत नाही अशी जागा दाखवते. माझं घर."

मंडळी मुकाट उठली. दिवसभर ऐकून ऐकून त्यांना माझी सवय झाली होती.

आमच्या गल्लीनं हट्टानं पडदे टांगले होते. संत येणार नाही तर नाही, आम्ही का उघडं राहायचं? समोरच्या चेन्सानं तर उंबऱ्यावर दिवेसुद्धा मांडले होते. तिनं माझ्यामागची वरात बघितली आणि कपाळाला हात लावला.

"जित्ता, अगं आधी सांगायचंस! आता एवढ्यांना घालू काय?"

"आहे ते घाल."

तिनं पावाला टोमॅटो चोळून, वर तेल सोडून ताटंच्या ताटं आणली. पाहुणे पायऱ्यांवर बसून खायला लागले. मी वर तोंड करून हाका मारल्या, "बाबा! घरी माणसं आलीत! बाहेर या!"

घरी आलेल्या माणसाला तोंड दाखवायचं नाही, हे बाबांच्या हातून होणं शक्य नव्हतं. बऱ्याच वेळानं सज्जाची झडप उघडली. स्वच्छ सदरा घातला होता. तूरिड बाईंनी लगेच कॅमेरा उचलला, मागोमाग सगळ्यांनीच.

"मी काय किल्ला आहे?" बाबा वरून करवादले.

"हसा की बाबा," मी म्हटलं. "किल्ल्याला कुठे दात असतात!"

"दात माझे ग्लासात आहेत. थांब म्हणावं."

गल्ली हसली. माझा जीव जरा खाली बसला. म्हटलं, एवढं झालं तरी पुष्कळ.

तेवढ्यात घंटा सुरू झाल्या आणि मिरवणूक वरच्या रस्त्याला लागली. ती आमच्या गल्लीच्या तोंडावरून सरळ पुढे जाणार होती. सज्जातून ते तोंड दिसत नाही, मध्ये चेन्साच्या घराचा कोपरा येतो. बाबांना फक्त ऐकू येणार. मी कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. का, ते माहीत नाही. कुणाला तरी शिव्या घालायला बरं पडेल म्हणून असेल.

पुढे पाद्री, त्यांच्याबरोबर हातात चांदीची काठी घेतलेला तार्चिस, मागे मूर्ती, मूर्तीमागे बँड. बँडचा मास्तर नेनू, बाबांच्याच वयाचा. आमच्याकडे प्रत्येक वळणाची धून ठरलेली असते. भोई मान कलती करून, खांद्यात दांडा रुतवून चालतात, त्यांना पुढची वाट कुठून दिसणार? धून बदलली की पाय वळतात. नेनूनं समितीत बसून नवीन वाटेला मान डोलावली होती, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. पण कोपरा आला, चेन्साच्या भिंतीतला तो मरियमचा कोनाडा आला, आणि नेनूचा हात आपसूक वर गेला. बँडनं आमच्या गल्लीची धून धरली.

पाद्री आणि तार्चिस सरळ गेले. सान रोक्कू डावीकडे वळला.

तार्चिसला पाठीमागे काही नाही हे कळायला थोडा वेळ लागला. मग तो काठी सावरत धावत आला. "अरे कुठे? कुठे चाललात?"

"आम्हाला काय विचारतोस?" दांड्याखालून झारेन ओरडला. "वाजवतोय त्याला विचार!"

नेनूनं हात खाली घेतला. चेहरा पांढराफटक. "अरे देवा," तो म्हणाला. "हात वळला रे. मी नाही वळवला."

"मागे घ्या! चला, मागे घ्या!"

कुणीच हललं नाही. भोई नाहीत, बँड नाही, बाजूची माणसंही नाहीत. सगळे तार्चिसकडे बघत राहिले. शेवटी नेनूच हळू आवाजात म्हणाला, "संताला उलटं चालवायचं? तुझ्या बापानं तरी कधी पाहिलंय का असं?"

तार्चिसनं मूर्तीकडे पाहिलं. गल्लीत तोंड, रस्त्यावर पाठ. त्यानं काठी काखेत मारली, घाम पुसला आणि बाजूला झाला. "चला मग. पण लवकर. चौकात पाहुणे बसलेत."

"माझे इथेच आहेत," मी म्हटलं आणि पळत सुटले. तो जिना मी त्या दिवशी कशी चढले, देव जाणे.

बाबा सज्जाची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे होते. धून ऐकली होती ना त्यांनी. मी त्यांच्या कमरेला हात घातला. चेन्साच्या कोपऱ्याआडून आधी संताची काठी आली, मग टोपी, मग तो चेहरा. सान रोक्कू वाटसरू आहे, त्याच्या अंगावर प्रवासाचा झगा, पायाशी तोंडात पाव धरलेलं कुत्रं. गल्ली अरुंद, म्हणून भोयांनी पावलं आखूड केली होती, आणि मूर्ती एका बाजूला जराशी झुकत, मग दुसऱ्या बाजूला झुकत, अशी निवांत येत होती. डावा खांदा, उजवा खांदा. लांबून चालत आलेला माणूस घर जवळ आल्यावर चालतो तसा. वरून तो आमच्या अगदी तोंडासमोर होता. खाली भोई आहेत हे त्याच्याकडे बघताना जाणवतच नव्हतं.

बाबांनी क्रूसाची खूण केली नाही. मूर्तीवर उधळायला कागदाची फुलं मी हातात दिली होती, तीही टाकली नाहीत. नुसते बघत राहिले.

सज्जाखाली आल्यावर झारेननं आवाज दिला, "विस्तिनकाका!" आणि भोयांनी मूर्ती जमेल तेवढी तिरकी करून तिचं तोंड आमच्याकडे केलं. गल्लीत टाळ्या पडल्या. पाहुणेही उभे राहिले होते. मग धून पुन्हा सुरू झाली, आणि सान रोक्कू तसाच डुलत, पायापायानं, खालच्या अंगाला निघून गेला. कुत्र्यासकट.

"बाबा, बसता का?"

ते ऐकत नव्हते. त्यांचा हात डाव्या खांद्यावर गेला. तिथं दांड्यानं घासून घासून पावाएवढी गाठ आलीय. तिच्यावर ते सावकाश बोटं फिरवत राहिले.

"जित्ता," ते म्हणाले, "तो आपल्या पायांनी चालतो गं."

"हो बाबा."

"आणि मी आयुष्यभर गावाला सांगत आलो, मी त्याला उचलतो म्हणून."

ते हसायला लागले. दात ग्लासात असल्यामुळे ओठ आत घेऊन, लहान मुलासारखे, आवाज न करता हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. खालून तूरिड बाई मला विचारत होत्या, आजोबा काय म्हणाले, सांगा ना. पस्तीस वर्षं पाहुण्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं मी उत्तर दिलंय. त्या दिवशी मात्र प्रश्न तसाच ठेवून मी आत गेले. खुर्ची आणली आणि बाबांना सज्जात बसवलं.