पुढच्या डाव्या टायरचं गाऱ्हाणं

मी पुढचा डावा टायर. तुम्ही म्हणाल, टायरला कसलं आलंय गाऱ्हाणं, त्यानं गुमान फिरावं. फिरलोच असतो हो. पण मला सरळ फिरू दिलं कुणी?

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. मला शुद्ध आली ती जळकोटच्या धोंडप्पांच्या अंगणात. त्यांच्या बायकोनं, इरम्मांनी, मला हळद-कुंकू लावलं, पुढ्यात लिंबू ठेवलं आणि ते माझ्याच अंगाखाली चिरडलं. एवढा मान मिळाल्यावर वाटलं, जन्माचं कल्याण झालं.

पुढं एका खड्ड्यात आदळलो. चाक सरळ धरणारा आतला दांडा वाकला आणि मी तिरका झालो. गाडी डावीकडे ओढायला लागली. मी फिरण्याऐवजी घासत चाललो आणि माझी आतली कड झिजू लागली. माणसं बाहेरची कड बघतात. आतली बघायला गुडघे टेकावे लागतात, तेवढी सवड कुणाला?

धोंडप्पांची लेक शिवरंजनी उमरग्याच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाली होती. रोज गाडीनं एकटी जायची. ती म्हणाली, "अप्पा, गाडी डावीकडं वढती. दुकानात दाखवू."

"दुकान कशाला? गावात नांगराचा सगळ्यात सरळ तास माझा. चाक सरळ करायला दुसऱ्याचा डोळा लागतोय व्हय?"

अंगणात विटांवर सुतळी ताणली गेली. जॅक आला, पाना आला, टेप आला. रिमच्या पुढच्या कडेपासून सुतळी किती लांब, मागच्या कडेपासून किती, हे मोजून त्या दांड्याचा नट फिरवायचा, एवढंच काम. पण टेप एक सांगायचा आणि अप्पांचा डोळा दुसरंच. दर वेळी टेप हरायचा.

"मग त्यो आणलाय कशाला?" इरम्मांनी चहा देताना विचारलं. अप्पांनी पाना उचलला.

नट फिरवून झाला की अप्पा गाडी हायवेपर्यंत नेऊन आणायचे. "सरळ चालती," म्हणायचे. खाली मी बोंबलतोय, तर ऐकतो कोण!

अप्पांचा जन्म नांगराचं रुमणं, म्हणजे मूठ, धरण्यात गेला. डावा बैल बाहेर ओढू लागला की त्यांचा हात आपसूक उजवीकडे दाब द्यायचा. स्टीअरिंगवरही तोच हात. गाडी ओढायची डावीकडे, हात धरायचा उजवीकडे, आणि अप्पांना वाटायचं गाडी सरळ आहे. असा राग यायचा मला, की भर रस्त्यात फुटावं. पण आत शिवरंजनी असायची.

तिचं मनगट सुजलं. अप्पा म्हणाले, "सवय हुईल." दर रविवारी पुन्हा सुतळी, पुन्हा नट, आणि मी आधीपेक्षा तिरका.

शेवटी एका सकाळी ती अप्पांना रिकाम्या रस्त्यावर घेऊन गेली. स्टीअरिंग त्यांच्याच हाती दिलं आणि म्हणाली, "अप्पा, एकदा हात सोडून बघा."

"हात सोडल्यावर औत कधी सरळ जातंय का?"

"हे औत न्हाय, अप्पा. आन् माझा हात तुमच्यासारखा न्हाय."

अप्पांनी हात उचलला. गाडी जी डावीकडे वळली ती थेट बाभळीच्या रोखानं. ब्रेक लागला तेव्हा काटे काचेला टेकले होते.

अप्पा उतरले, माझ्यापुढं गुडघे टेकले आणि आतल्या कडेवरून बोट फिरवलं. रबर झिजून उघड्या पडलेल्या माझ्या तारा त्यांच्या बोटाला टोचल्या.

"ह्याच्यावर तू रोज जात हुतीस?"



त्याच दिवशी गाडी दुकानात गेली. पण तारा निघालेला टायर कोण ठेवणार? आधी मला काढलं, नवा चढवला, आणि मग चाक सरळ केलं.

आता मी गोठ्यावर असतो. वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून मला वर टाकलंय. सकाळी शिवरंजनी निघते ती इथून दिसते. गाडी फाट्यापर्यंत रेघ ओढल्यासारखी जाते. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. ती सुखरूप आहे.

पण परवा शेजारचे वीरप्पा आले होते. गाडीला काय झालं होतं, म्हणून त्यांनी विचारलं. अप्पांनी माझ्याकडे बोट केलं.

"त्यो टायरच वाकडा निघाला."

मी वरून बघत राहिलो. तुम्ही कधी जळकोटला गेलात, तर अप्पांकडे चहाला थांबा. आणि मला सरळ चालता येत होतं, एवढं तरी त्यांना सांगा.